ग्लायकोजेनचे विघटन आणि फोर्स्कोलिन : मुलुंडमधील एका संशोधनाचा इतिहास

पदव्युत्तर वर्गाच्या प्रयोगशाळेतील शीतकपाटात पांढऱ्या चूर्णाची एक लहानशी कुपी असते. पेशीतील चक्रीय ए.एम.पी.चे प्रमाण वाढवावयाचे असले म्हणजे विद्यार्थी त्यातले चिमूटभर चूर्ण डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवतो, तो विद्राव आपल्या पेशींवर सोडतो आणि पुढील कामास लागतो. कुपीवर बहुधा परदेशी विक्रेत्याचे नाव असते. हे द्रव्य प्रथम कोठे शुद्ध करण्यात आले, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने मध्यंतरी विचारला, तेव्हा वर्गात कोणालाच उत्तर देता आले नाही; आणि ते ठिकाण मध्य रेल्वेवरील मुलुंड होय, असे सांगितल्यावर पुष्कळांना ते खरे वाटेना. प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे.

द्रव्याचे नाव फोर्स्कोलिन. १९७० नंतरच्या दशकात मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रात एका वनस्पतीच्या मुळांतून ते मिळविण्यात आले. शोधकांना हवे होते हृदयविकारावर आणि रक्तदाबावर चालणारे औषध. तसे औषध त्यांच्या हाती लागले असे म्हणता येणार नाही. पण शरीरातील साखरेचा साठा मोडण्याची आज्ञा पेशीच्या बाहेरून आत कशी पोहोचते, या प्रश्नाच्या अभ्यासाला त्यांच्या द्रव्याने एक असे साधन दिले की ज्यावाचून पुढील पुष्कळसे काम अडून राहिले असते. औषधाच्या मापाने मोजल्यामुळेच हे संशोधन आपल्याकडे विस्मृतीत गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते पटण्यासाठी प्रथम तो प्रश्न काय होता हे पाहिले पाहिजे.

क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकाने १८५५ मध्ये नुकत्याच मारलेल्या प्राण्याचे यकृत काढून त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी खेळविले. बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा लवलेशही उरला नाही, तेव्हा त्याने ते यकृत तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्यात पुन्हा भरपूर साखर. म्हणजे साखर सहजी धुऊन न जाणाऱ्या कोणत्या तरी रूपात यकृतात साठविलेली असते आणि तेथेच ती मोकळी होते. हा साठ्याचा पदार्थ त्याने १८५७ मध्ये वेगळा केला व त्यास ग्लायकोजेन हे नाव दिले.

हा साठा मोडतो कसा, हे कळण्यास पुढे ऐंशी वर्षे लागली. प्रागहून अमेरिकेत स्थायिक झालेले कार्ल व गर्टी कोरी हे दांपत्य स्नायू व यकृत यांतील ग्लायकोजेनचा माग काढीत होते. ग्लायकोजेनची लांब साखळी पाण्याने तुटत नसून फॉस्फेटने तुटते, आणि प्रथम निघते ते ग्लुकोज-१-फॉस्फेट, असे त्यांनी १९३६ मध्ये दाखविले. ही विक्रिया घडवून आणणारे एंझाइम म्हणजे फॉस्फोरिलेज. १९४७ मध्ये या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. या कामाची हकीकत सर्व पाठ्यपुस्तकांत असल्याने येथे अधिक विस्तार नको.

कोरी यांच्याच प्रयोगशाळेत उमेदवारी केलेल्या अर्ल सदरलंड याने पुढचा प्रश्न हाती घेतला. ॲड्रिनॅलीन आणि ग्लुकागॉन ही हॉर्मोने रक्तातील साखर वाढवितात. ती फॉस्फोरिलेजला जागे करूनच वाढवितात हेही दिसत होते. पण हॉर्मोन आणि फॉस्फोरिलेज यांची भेट होते कोठे? सदरलंड व त्याचा सहकारी थिओडोर रॉल यांनी क्लीव्हलँड येथे केलेला प्रयोग विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा असा आहे, कारण त्यात उपकरणांचा थाट मुळीच नाही. यकृत वाटून केलेल्या लगद्यात हॉर्मोन घातले की फॉस्फोरिलेजची क्रिया वाढे. तोच लगदा अपकेंद्री यंत्रात फिरवून जड कण खाली बसविले आणि वरचे निवळ द्रव घेतले, तर त्यात फॉस्फोरिलेज असूनही हॉर्मोनला प्रतिसाद मिळेनासा होई. मग त्यांनी उलट वाट धरली. खाली बसलेल्या साक्यात हॉर्मोन व ए.टी.पी. घातले, काही वेळाने ते मिश्रण उकळले, आणि उकळून मिळालेले पाणी निवळ द्रवात मिसळले. फॉस्फोरिलेज जागे झाले. उकळल्याने प्रथिने नासतात. तेव्हा साक्यात, म्हणजे पेशीपटलाच्या तुकड्यांत, हॉर्मोनच्या सांगण्यावरून उष्णतेला न बधणारा एखादा लहान रेणू तयार होत असला पाहिजे. १९५७-५८ मध्ये हे निबंध प्रसिद्ध झाले.

तो रेणू कोणता हे कळण्यातही योगायोगाचा भाग होता. डेव्हिड लिप्किन हा रसायनशास्त्रज्ञ ए.टी.पी.वर बेरियम हायड्रॉक्साइडची विक्रिया करून मिळालेल्या एका अनोळखी संयुगाचा अभ्यास करीत होता. त्याने आणि सदरलंडने, एकमेकांस ठाऊक नसताना, लिऑन हेपेल याला आपापल्या पदार्थांविषयी पत्रे लिहिली. हेपेलने दोन्ही पत्रे वाचून ताडले की दोघेही एकाच द्रव्याचे वर्णन करीत आहेत. तेच चक्रीय ए.एम.पी. सदरलंडला १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चक्रीय ए.एम.पी.पासून फॉस्फोरिलेजपर्यंतचा जिना एडविन क्रेब्झ व एडमंड फिशर यांच्या कामातून स्पष्ट झाला (त्यांचे नोबेल १९९२ चे) : चक्रीय ए.एम.पी. एका कायनेजला मोकळे करते, ते दुसऱ्या कायनेजला फॉस्फेट जोडते, दुसरे फॉस्फोरिलेजला जोडते. आणि पहिलेच कायनेज त्याच वेळी ग्लायकोजेन बांधणाऱ्या एंझाइमला थोपवून धरते. प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जाते, आणि हॉर्मोनच्या मोजक्या रेणूंमागे ग्लुकोजचे असंख्य रेणू रक्तात उतरतात.

आता अडचण अशी. या जिन्याचा खालचा भाग उजेडात आला, पण वरचा भाग अंधारातच राहिला. पटलाच्या बाहेरील अंगास हॉर्मोनचा ग्राही असतो, आतील अंगास चक्रीय ए.एम.पी. तयार करणारे ॲडेनिलेट सायक्लेज हे एंझाइम असते. दोहोंमध्ये ग्वानिन न्यूक्लिओटाइडवर अवलंबून असणारा एक मध्यस्थ असतो, हे मार्टिन रॉडबेल याच्या १९७१ च्या सुमाराच्या कामावरून दिसू लागले होते. या तिहींपैकी कोण काय करतो हे ठरवावयाचे तर सायक्लेजला एकट्याला हलविता आले पाहिजे. उपलब्ध साधने तोकडी होती. सोडियम फ्लुओराइड सायक्लेजला चेतविते, पण फोडलेल्या पटलांत. अखंड पेशीत त्याचा उपयोग नाही. पटकीच्या जंतूचे विष अखंड पेशीत काम करते, पण तेही मध्यस्थाच्याच मार्फत, सावकाश, आणि एकदा झालेला परिणाम मागे घेता येत नाही. हॉर्मोन घ्यावे तर ते ज्या पेशीवर ग्राही असेल तेथेच लागू. अखंड पेशीत चालणारे, चटकन लागू होणारे, धुऊन टाकता येणारे आणि ग्राहीची पर्वा न करणारे असे काहीही हाताशी नव्हते.

या पार्श्वभूमीवर आता मुलुंडकडे वळू. ठाण्याच्या वेशीवरच्या या उपनगरातून लाल बहादूर शास्त्री मार्ग जातो. स्वातंत्र्योत्तर काळात त्याच्या दुतर्फा औषधांचे, रसायनांचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले. हेक्स्ट या जर्मन कंपनीचा साखरेच्या विकाराशी जुना संबंध होता. १९२३ मध्ये जर्मनीत इन्सुलिन बाजारात आणणाऱ्यांत ती होती, आणि तिच्या 'डायोनिल' या गोळ्यांचे नाव आपल्याकडे मधुमेह असलेल्या घरांत सर्वांना पाठ असे. मुलुंड येथे तिने १९७२ मध्ये मूलभूत संशोधनाचे केंद्र स्थापन केले. परदेशी कंपन्यांनी मुंबईच्या उपनगरांत संशोधनसंस्था काढण्याचा तो काळ होता; गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्र १९६३ चे, आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ त्याचा संचालक. मुलुंडच्या केंद्रात रसायन विभागात नोएल डिसूझा, सुजाता भट, बी. एस. बजवा आदी संशोधक होते, तर औषधिक्रियाविज्ञानाचे काम अलीहुसेन दोहादवाला यांच्याकडे होते. भारतीय वनस्पतींचे अर्क घ्यावयाचे, प्राण्यांवर त्यांची परीक्षा करावयाची आणि गुणकारी ठरलेल्या अर्कातील नेमके द्रव्य शोधावयाचे, अशी कामाची रीत होती. रचनानिश्चितीच्या कामात फ्रँकफुर्ट येथील मुख्य प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचा हातभार असे.

ज्या वनस्पतीने त्यांचे लक्ष वेधले ती तुळशीच्या कुळातील, निळसर जांभळ्या फुलांची, गाजरासारख्या पुंजक्याने मुळे येणारी वनस्पती. तिला त्या वेळी कोलियस फोर्स्कोलाय म्हणत. आज वनस्पतिशास्त्रज्ञ कोलियस बार्बेटस हे नाव पसंत करतात. मराठीत तिला माईनमूळ म्हणतात. गुजराती घरांत हिच्या मुळांचे 'गरमर' नावाचे लोणचे आवडीने खातात, आणि मुलुंड व घाटकोपर येथील कच्छी-गुजराती वस्ती पाहता केंद्राच्या आसपासच्या कित्येक स्वयंपाकघरांत ही मुळे बरणीत मुरत असतील. जातिनामातील फोर्स्कोल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या मोहिमेत तो होता व १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने वारला. त्याच मोहिमेतील कार्स्टेन नीबूर हा त्याच वर्षी मुंबईस पोहोचला, येथे वर्षाहून अधिक काळ राहिला व त्याने घारापुरीच्या लेण्यांची रेखाचित्रे काढली. मोहिमेतून जिवंत परतलेला तो एकटाच. दिवंगत मित्राची वनस्पतिविषयक टिपणे १७७५ मध्ये त्यानेच छापून काढली. मुंबईच्या इतिहासाची गोडी असणाऱ्यांस हा धागा रुचेल म्हणून येथे नोंदविला, एवढेच.

ही वनस्पती निवडण्यामागे आयुर्वेद होता काय? १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणलेखाच्या शीर्षकातच फोर्स्कोलिनचा प्रवास 'आयुर्वेदीय औषधापासून' सुरू झाल्याचे म्हटले आहे आणि तेव्हापासून हे वाक्य ग्रंथोग्रंथी फिरत आहे. ते जपूनच घ्यावे. कोलियसच्या काही जाती पोटशूळ, श्वास इत्यादींवर लोकवैद्यकात वापरतात हे खरे. पण ज्या 'पाषाणभेद' या नावाचा आधार देण्यात येतो ते नाव निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पतींना दिलेले आढळते, आणि हृदयाचे आकुंचन वाढविणाऱ्या एका विशिष्ट डायटर्पीनचे ज्ञान त्यात शोधणे हा ओढाताणीचा प्रकार आहे. मुलुंडच्या गटाने पुढे कोलियसच्या अन्य जाती व त्याच कुळातील इतर वनस्पती तपासल्या. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हे द्रव्य केवळ याच एका जातीत सापडले. भावंडांत नसलेली गोष्ट एका जातीत असावी आणि तीच जात चाळणीत यावी, यात परंपरेपेक्षा चिकाटीने केलेल्या चाळणीचा वाटा मोठा आहे.

१९७७ मध्ये भट, बजवा, डोर्नाउअर, डिसूझा व फेहलहाबर यांनी या मुळांतील लॅब्डेन वर्गाच्या डायटर्पिनांची रचना प्रसिद्ध केली. त्यांत मुख्य ते फोर्स्कोलिन : बावीस कार्बन, चौतीस हायड्रोजन, सात ऑक्सिजन, रेणुभार सुमारे ४१०. त्याच मुळांत त्याची काही भावंडेही सापडली. त्यांतील एकात पहिल्या व नवव्या कार्बनवरील ऑक्सिजन नाहीत, ते १,९-डायडिऑक्सिफोर्स्कोलिन. त्या वेळी त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नसावे, पण पुढे त्याचे काम पडणार आहे, म्हणून वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. १९७८ मध्ये लिंडनर, दोहादवाला व भट्टाचार्य यांनी औषधिक्रियेचे निष्कर्ष मांडले : फोर्स्कोलिनने हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढतो व रक्तदाब उतरतो. डिजिटॅलिसच्या विषारीपणाला कंटाळलेल्या हृदयतज्ज्ञांना अशा द्रव्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते.

येथे एक वाद नमूद करणे अवश्य आहे. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर काम चालू होते. तेथील टंडन, धर व त्यांचे सहकारी यांनी त्याच १९७७ या वर्षी याच मुळांतील रक्तदाब उतरविणाऱ्या डायटर्पीनची रचना प्रसिद्ध केली व त्यास कोलिओनॉल हे नाव दिले. दोन्ही रचनांत अणूंच्या अवकाशीय मांडणीपुरता किंचित फरक दाखविला होता, त्यामुळे ही दोन निराळी द्रव्ये मानली गेली. ती एकच आहेत हे १९८५ मध्ये एका अमेरिकन गटाने निर्णायकपणे दाखविले. तोवर जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिन हे नाव रूढ झाले होते आणि कोलिओनॉल मागे पडले. एकाच देशातील दोन संस्था एकाच मुळाशी एकाच वेळी पोहोचतात, एक सरकारी आणि एक परदेशी कंपनीची, आणि नाव टिकते ते कंपनीचे. याचे कारण गुणवत्तेत शोधण्यापेक्षा शुद्ध द्रव्य कोणी जगभर पोहोचविले यात शोधावे. फ्रँकफुर्टचे दार मुलुंडला उघडे होते. लखनौला तसे दार नव्हते. श्रेयाचा हिशेब मांडताना दोन्ही नावे जोडीने लिहिणे हेच न्याय्य होय.

फोर्स्कोलिन हृदयावर कोणत्या मार्गाने परिणाम करते, याचा उलगडा १९८१ मध्ये झाला. हेक्स्टच्याच मेट्झगर व लिंडनर यांनी ते ॲडेनिलेट सायक्लेजचे प्रभावी चेतक असल्याचे दाखविले. त्याच वर्षी अमेरिकेतील बेथेस्डा येथे केनेथ सीमन, विल्यम पॅजेट व जॉन डाली यांनी (हा डाली विषारी बेडकांच्या कातडीतील अल्कलॉइडांसाठी प्रसिद्ध असलेला तोच) उंदराच्या मेंदूच्या पटलांवर व अखंड पेशींवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाच ते दहा मायक्रोमोलर इतक्या प्रमाणात अर्धा परिणाम दिसे. परिणाम तात्काळ होई आणि द्रव्य धुऊन टाकताच उतरे. हॉर्मोनच्या ग्राहीची त्यास जरुरी नव्हती. मध्यस्थ प्रथिन ज्यांत कार्यक्षम नाही अशा उत्परिवर्तित पेशींतही ते सायक्लेजला चेतवू शकले. मध्यस्थ हजर असेल तर दोघांचा मिळून परिणाम बेरजेहून अधिक होतो, हे पुढे कळले. पण मूळ मुद्दा अबाधित राहिला. ज्या साधनाची उणीव वर सांगितली ते हेच.

यकृतपेशींवर फोर्स्कोलिन सोडले की चक्रीय ए.एम.पी. चढते, फॉस्फोरिलेज जागे होते, ग्लायकोजेन मोडते व ग्लुकोज बाहेर पडते. हॉर्मोनचा थेंबही न घालता सदरलंडच्या जिन्यावरून उतरण्याची ही युक्ती. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींवर तेच द्रव्य घातले, तर ग्लुकोज मुळातच उपस्थित असताना इन्सुलिनचा स्राव वाढतो. म्हणजे एका अवयवात ते साखर सोडावयास सांगते आणि दुसऱ्यात साखर आवरणाऱ्या हॉर्मोनचा स्राव वाढविते. मेदपेशींत मेदाचे विघटन, मूत्रपिंडात आणखी काही. सर्वच पेशींत सायक्लेज असल्याने सर्वच पेशी आपापल्या स्वभावानुसार उत्तर देतात. औषधशास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच दोष; जीवरसायनशास्त्राच्या दृष्टीने यासारखी सोय नाही, कारण एकाच किल्लीने प्रत्येक पेशीचा स्वभाव तपासता येतो.

या ठिकाणी कर्बोदकांच्या अभ्यासकांना एक ठेच लागली, आणि या इतिहासातील मला सर्वांत शिकण्याजोगा वाटणारा भाग तोच आहे. मेदपेशी व तांबड्या रक्तपेशी यांत ग्लुकोज कसे शिरते हे पाहताना असे आढळले की फोर्स्कोलिन ग्लुकोजचा प्रवेश रोखते. चक्रीय ए.एम.पी. वाढल्यामुळे ग्लुकोजची वाहतूक थांबते, असा निष्कर्ष समोर दिसत होता, आणि तो काढण्याचा मोह कोणासही पडावा. परंतु १९८३ ते १९८५ या काळात प्रसिद्ध झालेल्या कामावरून चित्र निराळे निघाले. मानवी तांबड्या रक्तपेशींत ग्लुकोजच्या वाहक प्रथिनाला फोर्स्कोलिन थेट जाऊन चिकटते. तेथे चक्रीय ए.एम.पी.चा काही संबंध नाही. वाहकाला बांधले जाण्याचे प्रमाण सायक्लेजला लागणाऱ्या प्रमाणाच्या आसपासच होते, काही पेशींत तर त्याहून बरेच कमी. तेव्हा साखरेच्या वाहतुकीवर फोर्स्कोलिन वापरून केलेला जो प्रयोग केवळ 'चक्रीय ए.एम.पी.चा परिणाम' म्हणून वाचला गेला असेल, तो पुन्हा तपासणे भाग होते.

तपासावयाचे कसे? येथे १,९-डायडिऑक्सिफोर्स्कोलिन कामास आले. हे भावंड सायक्लेजला चेतवीत नाही, पण ग्लुकोजच्या वाहकाला मात्र चिकटते. जो परिणाम दोघांमुळेही होतो तो सायक्लेजमुळे नव्हे, आणि जो केवळ फोर्स्कोलिनमुळे होतो त्याविषयी सायक्लेजकडे बोट दाखविता येते. १९८९ मध्ये लॉरेंझा, सुटकोव्स्की व सीमन यांनी फोर्स्कोलिन हे एकाच जागी काम करणारे द्रव्य आहे की अनेक जागी, हा प्रश्नच आपल्या परीक्षणलेखाच्या शीर्षकात मांडला. आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी घ्यावे की प्रयोगाची किल्ली आणि त्या किल्लीची पारख करणारे नियंत्रकद्रव्य ही दोन्ही १९७७ च्या त्या एकाच निबंधात वर्णिलेली आहेत. मुळांतील मुख्य द्रव्य मिळाल्यावर उरलेल्या चोथ्याकडे पाठ न फिरविता मुलुंडच्या रसायनज्ञांनी भावंडांचीही रचना ठरविली, याचे मोल बारा वर्षांनी कळले. त्यांच्याच गटाने १९८३ मध्ये रेणूतील निरनिराळे गट बदलून कोणता भाग क्रियेस आवश्यक आहे याचा पद्धतशीर तक्ताही दिला होता.

ग्लुकोजच्या वाहकाला चिकटण्याचा हा दुर्गुणही मग उपयोगास आला. प्रकाशाने बंध पक्का करणारा फोर्स्कोलिनचा एक अनुजात तयार करून वाहक प्रथिनावर खूण करण्याचे तंत्र १९८७ मध्ये पुढे आले. सायक्लेजच्या बाजूने तर याहून मोठे काम झाले. पटलात रुतून बसलेले, अत्यल्प आणि नाजूक असे हे एंझाइम शुद्ध करणे दुरापास्त होते. फॉयफर व मेट्झगर यांनी १९८२ मध्ये फोर्स्कोलिनचा एक अनुजात सेफॅरोजच्या मण्यांना जोडला व त्या मण्यांच्या स्तंभातून पटलांचा विद्राव सोडला. सायक्लेज स्तंभात अडकून राहिले आणि बाकी वाहून गेले. शुद्ध प्रथिन मिळाल्यावर त्याच्या अमिनो अम्लांचा क्रम, आणि क्रमावरून जनुक. १९८९ मध्ये आल्फ्रेड गिल्मन याच्या गटाने त्याचे जनुक मिळविले. मध्यस्थ प्रथिनांच्या शोधाबद्दल गिल्मन व रॉडबेल यांस १९९४ चे नोबेल मिळाले. १९९७ मध्ये टेसमर, सुनहारा, गिल्मन व स्प्रँग यांनी सायक्लेजच्या क्रियाशील भागाची मध्यस्थासह स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्या रचनेत एंझाइमचे दोन अर्ध एकमेकांस भिडतात तेथील खोबणीत फोर्स्कोलिनचा रेणू बसलेला दिसतो, जणू दोन भाग जोडणारी पाचर. सस्तन प्राण्यांतील पटलस्थ सायक्लेजच्या नऊ प्रकारांपैकी एक, नववा, फोर्स्कोलिनला दाद देत नाही, हेही या खोबणीच्या घडणीवरून समजते. शरीरात स्वतःचे असे एखादे द्रव्य या खोबणीसाठी तयार होते काय, याचा शोध अनेकांनी घेतला. तसे द्रव्य आजवर सापडलेले नाही.

औषधाची कथा थोडक्यात आटोपते. फोर्स्कोलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि ते सर्वच पेशींना चेतविते. या दोन अडचणींनी त्याची वाट रोखली. जपानमध्ये पाण्यात विरघळणारा एक अनुजात, कोलफोर्सिन डारोपेट, तीव्र हृदयदुर्बलतेसाठी १९९९ मध्ये मान्य झाला. १९८७-८८ मध्ये त्याचे संपूर्ण संश्लेषण तीन गटांनी साधले. त्यांतील एक इलायस कोरी याचा. (नागरीत हे नाव व ग्लायकोजेनवाले कोरी यांचे नाव सारखेच लिहिले जाते, विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये.) पण सुमारे तीस पायऱ्यांच्या अशा संश्लेषणापेक्षा मुळे उकरणे स्वस्तच. मुळे काढली की झाड जाते, म्हणून रानातील साठ्यावर ताण पडला आणि तमिळनाडूत सेलमच्या बाजूस व अन्यत्र शेतकरी त्याची लागवड करू लागले. त्या शेतांतील पुष्कळसा माल आज वजन उतरविण्याच्या गोळ्यांसाठी परदेशी जातो. त्या गोळ्यांच्या दाव्यांना भरीव प्रायोगिक आधार नाही, आणि जे द्रव्य रक्तदाब उतरविते ते वैद्यकीय देखरेखीवाचून खाणे शहाणपणाचे नव्हे.

मुलुंडचे केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल या भारतीय कंपनीने घेतले. सुजाता भट या पुढे पवईच्या तंत्रविज्ञान संस्थेत रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा सहलिखित ग्रंथ आपल्या ग्रंथालयांतून वापरला जातो.

अलीकडे डॅनिश संशोधकांनी या मुळांचा पुन्हा मागोवा घेतला. फोर्स्कोलिन मुळाच्या सालीतील बूचपेशींत, तेलाच्या सूक्ष्म थेंबांत साठविलेले असते, असे त्यांना २०१४ मध्ये आढळले. ते तयार करणारी एंझाइमे कोणती हे शोधून त्यांची जनुके त्यांनी किण्वपेशीत बसविली, आणि २०१७ मध्ये साखरेवर वाढणाऱ्या त्या किण्वाकडून फोर्स्कोलिन तयार करवून घेतले. शीतकपाटातील कुपीत येणारे चूर्ण मात्र आजही प्रायः मुळांपासूनच काढलेले असते.